कॅमेरा गेला की तार?

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगच्या आवारांत रात्र आणि दिवस एक होतात. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, कुठेही जा, फाटकाबाहेर कापसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटाडोर आणि अजून टिकून असलेल्या बंड्या रांगेने उभ्या असतात. नंबर लागायला वेळ असतो, म्हणून कुणी ट्रॉलीच्या आडोशाला चादर ओढून निजलेलं असतं, कुणी चाकापाशी शेकोटी करून बसलेलं असतं. त्याच आवारात गाठी भरायला आलेला ट्रक मागे येत असतो. एका गाठीचं वजन १७० किलो, अशा गाठींची थप्पी जिथे लागली आहे तिथवर ट्रकचा फाळका नेऊन भिडवायचा असतो. ड्रायव्हरला दोन्ही बाजूंचे आरसे दिसतात. मधला, गाडीच्या बरोबर पाठीमागचा पट्टा कुठल्याच आरशात येत नाही. तिथे क्लीनर उभा असतो आणि पत्र्यावर थाप मारत ओरडत असतो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!"

अलीकडे या आवाजाच्या जोडीला केबिनमध्ये सात इंची पडदा आला आहे. शाळेच्या बसमध्ये आहे, ट्रॅव्हल्समध्ये आहे, वणीकडच्या कोळशाच्या टिप्परमध्ये आहे, आणि नागपूर-हैदराबाद रस्त्याने पांढरकवड्यावरून टिपेश्वर अभयारण्याला येणाऱ्या एखाद्या कॅरव्हानमध्येही आहे. एक दिवस रिव्हर्स गिअर टाकला की तो पडदा निळा होतो, नाहीतर काळाच राहतो. मालक गॅरेजात जातो, "कॅमेरा गेला," म्हणतो, नवा कॅमेरा बसतो, आणि पंधरा दिवसांनी पडदा पुन्हा निळा. असं का होतं, आणि कॅमेरा बदलायचाच असेल तर तो कसा बदलावा, हा या लेखाचा विषय. मोठ्या गाडीत कॅमेरा हा फक्त एका लांब तारेचं मागचं टोक असतो. बिघाड पुष्कळदा त्या तारेत असतो.

गाडीच्या मागे कॅमेरा लावायची कल्पना बरीच जुनी आहे. ब्यूक कंपनीने १९५६ साली सेंच्युरियन नावाच्या प्रदर्शनी मोटारीत आरशाऐवजी टीव्ही कॅमेरा बसवला होता. व्होल्वोने १९७२ च्या प्रायोगिक सुरक्षा-मोटारीत तो पुन्हा आणला. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत तो आला १९९१ मध्ये, जपानमध्ये, टोयोटा सोअररमध्ये. पण चैनीची वस्तू म्हणून आलेल्या या कॅमेऱ्याची सक्ती झाली ती लहान मुलांमुळे. अमेरिकेत घरासमोरच्या वाटेवर वडीलच मागे घेत असलेल्या गाडीखाली एक दोन वर्षांचं मूल गेलं. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. २०१४ मध्ये नियम ठरला तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेने सांगितलं की मागे येणाऱ्या गाड्यांखाली दरवर्षी सरासरी २१० माणसं मरतात आणि सुमारे १५,००० जखमी होतात. मेलेल्यांत जवळपास एकतृतीयांश पाच वर्षांच्या आतली मुलं. १ मे २०१८ पासून तिथल्या नव्या मोटारींत आणि हलक्या गाड्यांत हा कॅमेरा सक्तीचा आहे. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून नव्या मोटारींबरोबर ट्रक आणि बसलाही मागचं दाखवणारी किंवा ओळखणारी यंत्रणा बंधनकारक केली.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना मागे सेन्सर असणं सक्तीचं झालं. हा नियम प्रवासी मोटारींचा आहे. ट्रक आणि बस त्यात नाहीत. म्हणजे ज्या गाड्यांच्या मागे सर्वांत मोठा आंधळा पट्टा, त्यांच्यात कॅमेरा असणं-नसणं मालकाच्या मर्जीवर राहिलं. कोळसा खाणी याला अपवाद. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने डंपरना मागचा कॅमेरा, मागे येताना वाजणारा भोंगा अशा गोष्टींचा आग्रह धरला आहे. साठ टनी डंपरच्या केबिनमध्ये एकदा चढून मागे पाहिलं की तो आग्रह का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सेन्सर असताना कॅमेरा कशाला, असं विचारणारे भेटतात. सेन्सर माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा ठोका सोडतो आणि तो आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. भिंत, दुसरी गाडी, दगड असेल तर चांगलं काम करतो. पण मोकळा कापूस आवाज परतवण्याऐवजी पिऊन टाकतो, आणि बारीक लोखंडी खांबावरून येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. कापसाच्या आवारात नुसत्या सेन्सरच्या भरवशावर ट्रक मागे घेऊ नये.

आता बिघाडाकडे. मागचं चित्र पडद्यावर यायला कॅमेऱ्याखेरीज चार गोष्टी लागतात. गिअर पडल्याची खबर, कॅमेऱ्याला वीज, कॅमेऱ्याकडून चित्र आणणारी तार, आणि पडदा. रिव्हर्स गिअर पडला की गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच दाबला जातो, त्याने मागचा पांढरा दिवा लागतो, आणि त्याच दिव्याच्या तारेतून पडद्याला "आता मागचं दाखव" ही खबर जाते. म्हणून तपासणीचं पहिलं काम अगदी साधं आहे. गाडी बंद ठेवून चावी फिरवा, रिव्हर्स टाका, हँडब्रेक ओढलेला असू द्या, आणि खाली उतरून मागे जाऊन पाहा, पांढरा दिवा लागला का? दिवाच लागला नसेल तर लगेच कॅमेऱ्याला हात लावायचं कारण नाही. बल्ब उडाला असेल तर दिवा लागणार नाही पण तारेत वीज असेल. टेस्ट लॅम्प लावला की कळतं. तारेतही वीज नसेल तर फ्यूज किंवा गिअरबॉक्सचा स्विच.

दिवा लागतो आहे, पण पडदा जागाच होत नाही, याचा अर्थ खबर पुढे पोचत नाही. पडदा जागा होतो, निळा होतो आणि "सिग्नल नाही" असं लिहून येतं, याचा अर्थ खबर पोचली, पण चित्र आलं नाही. एकतर कॅमेऱ्याला वीज मिळत नाही, किंवा चित्राची तार तुटली आहे, किंवा कॅमेराच गेला आहे. चित्र येतं पण त्यावरून आडव्या रेघा चढत जातात, आणि इंजिनाचा वेग वाढवला की रेघाही वाढतात, तर अर्थिंगचा दोष. खड्ड्यात चित्र जातं आणि पुढच्या खड्ड्यात परत येतं, तर जॉइंट ढिला. चित्र स्थिर आहे पण भिंग पुसूनही दुधाळ, धुक्यातून पाहिल्यासारखं, तर काचेच्या आत ओल शिरली आहे. या शेवटच्या प्रकारात मात्र कॅमेराच गेलेला असतो, तिथे शंका नको.

उरलेल्या प्रकारांत खात्री करून घ्यायची एक रीत आहे, आणि गॅरेजवाले ती क्वचितच वापरतात. मागचा कॅमेरा काढा आणि तो पुढे केबिनमध्ये आणा. पडद्याच्या मागच्या तोंडाला एखादी हातभर तार लावून तो थेट जोडा. चित्र आलं तर कॅमेराही चांगला आणि पडदाही चांगला. चोर मधल्या दहा-बारा मीटरच्या तारेत आहे. चित्र आलं नाही तर दुसऱ्या गाडीचा चालता कॅमेरा तिथे लावून पाहा. एवढ्याने पैसे कुठे घालायचे ते नक्की होतं. नवा कॅमेरा विकत आणून, मागे चढवून, जुन्याच तारेला जोडून मग डोक्याला हात लावण्यापेक्षा हे किती सोपं आहे!

तार कुठे तुटते? जिथे ती वाकते तिथे. मागचा दरवाजा उघडतो-मिटतो तिथल्या बिजागरीपाशी, पत्र्याच्या भोकातून ती बाहेर येते तिथल्या धारेवर, आणि कुणीतरी मध्ये तोडून, पिळून, काळी टेप गुंडाळून ठेवलेल्या जागी. चित्राची तार दोन तारांची बनलेली असते, मधे एक बारीक तांब्याची आणि तिच्याभोवती जाळीचं वेष्टण. पिळून जोडताना जाळीचा एखादा केस मधल्या तारेला शिवला की चित्र संपलं. शिवाय टेपचा गोंद आपल्या मे महिन्यात टिकत नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना उन्हात उभ्या बसच्या छताच्या पत्र्याला हात लावून पाहा, क्षणभर ठेववत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर शाळेच्या बस दीड-दोन महिने त्या उन्हात एका जागी उभ्या असतात. टेप सुकते, उलगडते, आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट जॉइंटमध्ये उतरतं. तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. जुलैमध्ये पडदा निळा होतो आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीला कॅमेरा लावणाऱ्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिथे हूकपाशी तार रोज जोडावी आणि सोडावी लागते, आणि चिखल त्या प्लगच्या तोंडातच जाऊन बसतो. तिथे पेचाने घट्ट बसणारा, रबरी टोपणाचा चार पिनांचा गोल प्लगच हवा. मोटारीच्या स्टिरिओला असतो तसा पिवळा दट्ट्या हिसक्यासरशी निघतो.

कॅमेरा खरंच बदलायचा ठरला, तर दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची. लहान टेम्पो आणि व्हॅन साधारणपणे १२ व्होल्टच्या, मोठे ट्रक आणि बस २४ च्या. मधल्या आकाराच्या बसांत दोन्ही सापडतात, म्हणून अंदाज न करता मीटर लावावा. इंजिन चालू असताना १२ च्या गाडीत सुमारे १४ आणि २४ च्या गाडीत सुमारे २८ व्होल्ट असतात. फक्त १२ व्होल्टवर चालणारा मोटारीचा कॅमेरा ट्रकला लावला तर तो जळणारच. दुसरी गोष्ट, जुना पडदा कोणत्या प्रकारचं चित्र घेतो. जुने पडदे साधं व्हिडिओ चित्र घेतात, नवे एएचडी नावाचं जास्त बारकाव्याचं. एएचडी कॅमेरा जुन्या पडद्याला जोडला तर काहीच दिसत नाही किंवा फाटकंतुटकं चित्र येतं, आणि नवाकोरा कॅमेरा खराब म्हणून परत जातो. साध्या चित्रातही पाल आणि एनटीएससी अशा दोन पद्धती आहेत. त्या जुळल्या नाहीत तर चित्र वर सरकत राहतं किंवा रंग उडालेलं दिसतं. पडद्याच्या सेटिंगमध्ये बहुधा हे बदलता येतं.

मग येतो पाणी-धुळीचा आकडा. कॅमेऱ्याच्या डब्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं आणि दुकानदार म्हणतो, "पाण्यात बुडवा, काही होत नाही." ते खरं आहे. त्यातला ६ धुळीचा, म्हणजे धूळ आत अजिबात जात नाही, आणि ७ पाण्याचा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालतं. पण बुडवणं वेगळं आणि फवारा मारणं वेगळं. जोरात येणाऱ्या धारेची परीक्षा या सातमध्ये धरलेलीच नसते. आपल्या गाड्या पाण्यात बुडत नाहीत, वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या धारेखाली येतात. तिथे लागतो ६९के हा आकडा. त्याच्या चाचणीत ८० अंश तापलेल्या पाण्याची जोरदार धार अगदी जवळून मारली जाते. ट्रक, टिप्पर आणि बससाठी हाच कॅमेरा घ्यावा, थोडा महाग पडला तरी. ६७ चा असेल तर धुणाऱ्याला बजावून ठेवावं की कॅमेऱ्यावर नळी धरायची नाही.

भिंगाचा कोनही पाहावा. १७० अंशांचा कॅमेरा म्हणजे जास्त दिसतं, म्हणून लोक तोच मागतात. जास्त दिसतं हे खरं, पण इतकं रुंद भिंग मधल्या वस्तू लहान करून दाखवतं. लहान दिसलेली वस्तू मनाला दूर वाटते, आणि माणूस आहे त्यापेक्षा लांब समजला जातो. माझ्या मते मोठ्या गाडीला १२० ते १३० अंश पुरे. कडेचं पाहायला आरसे आहेतच.

आणखी एक बाब, जिच्यावर चाकं योग्य बाजूला वळणं अवलंबून आहे. ड्रायव्हरचं तोंड पुढे आणि कॅमेऱ्याचं मागे. कॅमेऱ्याने जसं दिसतं तसंच दाखवलं तर गाडीची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येईल आणि ड्रायव्हर नेमकं उलटं स्टिअरिंग फिरवेल. म्हणून मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं पलटवलेलं असतं. घरावर लावायचा किंवा गाडीच्या पुढे लावायचा कॅमेरा मागे लावला तर हे पलटणं नसतं. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या तारेत एक-दोन छोटे रंगीत वेटोळे दिलेले असतात. एक कापलं की चित्र पलटतं, दुसरं कापलं की पडद्यावरच्या मार्गरेषा जातात. रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा कागद वाचल्याशिवाय कात्री लावू नये. बसवल्यावर एका माणसाला गाडीच्या मागे ड्रायव्हरच्या बाजूला हात वर करून उभं करावं. तो पडद्याच्या उजव्या अंगाला दिसला तर ठीक.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची अर्थची पट्टी आधी सोडावी. जुना कॅमेरा काढला की त्याची तार ओढून फेकून द्यायचा मोह होतो, तो आवरावा. जुन्या तारेच्या मागच्या टोकाला नव्या तारेचं टोक शेजारी ठेवून दोरीने बांधावं, वरून टेपची गुळगुळीत गुंडाळी करावी, आणि केबिनकडून जुनी तार हळूहळू ओढावी. जुनी निघते आणि तिच्या वाटेने नवी आत येते. बसचं छताचं अस्तर खोलावं लागत नाही. एकजण ओढायला आणि एकजण मागून तार सोडायला हवा. अडकली तर झटका देऊ नये, थोडी मागे घेऊन पुन्हा ओढावी. जुनी तार मध्ये कुठे पट्टीने बांधलेली असली तर मात्र तेवढ्या जागचं अस्तर उघडणं आलं.

पत्र्यातल्या भोकात रबरी बुश हवाच. नुसत्या पत्र्याच्या धारेवर तार राहिली तर पांदणीतल्या हादऱ्यांनी तिचं वरचं कवच कापलं जातं. बाहेरच्या बाजूला तार भोकात शिरण्याआधी खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतं, भोकात जात नाही. भोक मोठं पडलं असेल तर कडेने सिलिकॉन भरावं. प्लगचा जोड पत्र्याच्या आत घ्यावा, बाहेर नको. मध्ये तार जोडावीच लागली तर सोल्डर करून वरून तापवली की आवळणारी स्लीव्ह चढवावी.

वीज कुठून घ्यावी यावर मतभेद आहेत. मोटारीत कॅमेऱ्याची वीज मागच्या रिव्हर्स दिव्यावरून घेतात, ते सोपं पडतं. मोठ्या गाडीत मला ते पटत नाही. कॅमेऱ्याची अर्थ मागे चॅसिसला आणि पडद्याची पुढे, अशा दोन ठिकाणी अर्थ झाली की त्यांच्यामधून आल्टरनेटरचा गोंधळ चित्राच्या तारेत शिरतो आणि रेघा येतात. चार पिनांच्या तारेत वीज, अर्थ आणि चित्र तिन्ही पडद्याकडूनच येतात-जातात, तिथे हा त्रास होत नाही. शिवाय नव्या गाड्यांत मागचा दिवा सलग विजेवर चालत नाही. कॉम्प्युटर त्याला क्षणात शेकडो वेळा चालू-बंद करून वीज देतो. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो, कॅमेऱ्याचं चित्र मात्र लुकलुकतं. तिथे मधे फिल्टरसह रिले बसवावा. पडद्याच्या लाल तारेत छोटा फ्यूज हवाच, दोन-तीन अँपिअरचा. दहा मीटर तार बिनफ्यूजची छतातून फिरवणं म्हणजे आगीला निमंत्रण.

कॅरव्हानचं गणित यात थोडं निराळं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अशा गाड्यांच्या बांधणीसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. तरी रस्त्यावर त्या अजून थोड्याच. त्यांच्यात दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि एक घराची, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांची. कॅमेरा इंजिनाच्या बाजूवरच ठेवावा. घराच्या बॅटरीवरून घेतला तर इन्व्हर्टर आणि पंप सुरू होताच पडद्यावर रेघा येतात, आणि रात्री ती बॅटरी उतरली तर पहाटे निघताना मागचं दिसत नाही. मागे शिडी किंवा सायकलचा स्टँड असेल तर कॅमेरा त्याच्या वर घ्यावा. कॅरव्हानच्या केबिनमधून मागची काच दिसतच नसते, म्हणून चालत्या गाडीतही मागचं दाखवणारा पडदा तिथे उपयोगी. अशा वेळी गिअरवर अवलंबून न राहणारा वेगळा स्विच ठेवतात.

बसवून झाल्यावर सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम उरतं, ते कॅमेऱ्याची मान ठरवण्याचं. कॅमेरा उंच लावला आणि सरळ पाहत ठेवला तर क्षितिज छान दिसतं आणि बंपरच्या मागे निजलेला माणूस दिसत नाही. पडद्याच्या अगदी तळाशी आपलाच बंपर बोटभर दिसला पाहिजे. मग सपाट जागी गाडी उभी करून बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर विटा ठेवाव्यात, केबिनमध्ये बसून त्या पडद्यावर कुठे दिसतात ते पाहावं आणि पडद्याच्या कडेला चिकटपट्टीच्या बारीक खुणा कराव्यात. कंपनीने दिलेल्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा कुठल्यातरी ठरावीक उंचीसाठी असतात. तीन मीटर उंचीवरच्या आपल्या कॅमेऱ्याला त्या लागू पडतीलच असं नाही. आपल्या विटांच्या खुणा खऱ्या.

त्या खुणाही फक्त सपाट जमिनीवरच्या वस्तूंसाठी खऱ्या असतात. मागे चढ असेल तर जमीन पडद्यावर वर सरकते आणि जवळची वस्तू दूरच्या खुणेवर दिसते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे अधांतरी असलेली. पऱ्हाटीने भरलेल्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या काड्या, ट्रकमधून लटकणाऱ्या सळ्या, छपराची पन्हाळी, या गोष्टी उंचावर असल्याने पडद्यावर वरच्या बाजूला, म्हणजे लांब दिसतात. पडदा सांगतो तीन मीटर, आणि काच फुटलेली असते. कॅमेऱ्याला गाडीचं पुढचं टोकही माहीत नसतं. स्टिअरिंग वळवून मागे येताना गाडीचं नाक विरुद्ध बाजूला झुकतं. पडद्यात डोळे अडकलेले असताना पुढचा कोपरा शेजारच्या बंडीला लागतो.

काच कशी पुसायची, हेही सांगायला हवं. कापसाच्या हंगामात भिंगावर तूस बसतं, रात्रीच्या दवाने ओलं होतं आणि वर धूळ चिकटते. वणीकडे त्या जागी कोळशाची भुकटी असते. कोरड्या फडक्याने घासली की भुकटीतले कण काचेवर ओरखडे काढतात, आणि मग चित्र कायमचं धूसर. आधी बाटलीतलं पाणी ओतावं, मग मऊ कापडाने टिपावं. डिझेल, रॉकेल किंवा थिनरचा बोळा लावू नये. भिंगावरचं आवरण पुष्कळदा प्लास्टिकचं असतं, ते पांढरं पडतं. रात्रीसाठी ज्या कॅमेऱ्यांभोवती न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारके दिवे असतात, त्यांचा उजेड हवेतल्या तुसावर आणि धुळीवर आपटून परत भिंगात येतो आणि चित्रात पांढरे ठिपके नाचतात. जिनिंगच्या आवारात त्यापेक्षा मागचा पांढरा दिवा स्वच्छ आणि चालू असणं जास्त उपयोगाचं.

कॅमेरा आल्यापासून काही मालकांनी क्लीनर ठेवणं बंद केलं. एका पगाराची बचत होते हे खरं, तरी कापसाच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापाशी ही बचत करू नये असं मी आग्रहाने म्हणेन. एसटीचा वाहक गाडी मागे घेताना खाली उतरून शिट्टी देतो, ती रीत इतकी वर्षं चालत आली ती उगाच नाही. कॅमेरा फक्त त्याच्या भिंगासमोरचं चित्र देतो. ट्रॉलीच्या आडून धावत येणारं पोर चित्राच्या चौकटीत शिरेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. मागे उभा माणूस ते आधी पाहतो आणि थाप मारून गाडी थांबवतो. ड्रायव्हरने पडद्यात त्या माणसाला पाहावं. तो पडद्यातून दिसेनासा झाला की ब्रेक. क्लीनरनेही कॅमेऱ्याला दिसेल अशा जागी, गाडीच्या एका अंगाला, कधीही गाडी आणि भिंत यांच्या मधोमध नाही, असं उभं राहावं.

खंडेनवमीला गाड्या धुतल्या जातात, आणि वर्षातली सर्वांत जोराची धार कॅमेऱ्यावर त्याच दिवशी पडते. त्यापाठोपाठ कापूस निघतो. म्हणून धुऊन झाल्यावर, हार घालायच्या आधी, रिव्हर्स टाकून पडदा पाहावा. दुधाळ दिसला तर कॅमेरा बदलायला सांगावा, निळा दिसला तर आधी तार. हार मागे बांधायचा असेल तर भिंगाच्या खालून बांधावा.